ऑफर लेटर हातात आलं, पण पाल कुठे चुकचुकली होती?

नवी नोकरी धरताना सगळं छान वाटत असतं. महिन्याभरात कळतं की पाल मुलाखतीच्या वेळीच चुकचुकली होती, आपणच काणाडोळा केला. असे अनुभव इथे लिहूया. कंपनीचं नाव नको. काय दिसलं आणि तुम्ही काय केलंत, तेवढं पुरे.

सुरुवात मीच करतो. मुलाखत जेमतेम 15 मिनिटं चालली. कामाबद्दल एक प्रश्न नाही, "कधीपासून येताय?" मात्र तीनदा विचारलं. मी खूश, म्हटलं छाप पडली! रुजू झालो, टेबलाचा खण उघडला तर आधीच्या माणसाची व्हिजिटिंग कार्डं. त्याखाली त्याच्या आधीच्याची. तळाशी तिसऱ्याचा गठ्ठा, रबरबँडसुद्धा न काढलेला. मी चौथा, सात महिने टिकलो. आता मी "ही जागा रिकामी का झाली?" हे विचारतोच, आणि उत्तर देण्याआधी समोरचे दोघं एकमेकांकडे बघतात का, तिकडे लक्ष ठेवतो.

---

माझा घोळ आकड्यांचा. वार्षिक पॅकेज ऐकून हुरळून गेले, घरी सांगूनही टाकलं. रात्री कागद घेऊन बसले. एकूण आकडा 100 धरला, तर त्यातले 30 'व्हेरिएबल', तेही "व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार". आणखी 10 जॉइनिंग बोनस, म्हणजे पहिल्या वर्षापुरताच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. उरले 60. त्यातून कर आणि बाकीच्या कपाती. एचआरला मेल केली की दरमहा खात्यात किती जमा होतील ते लेखी कळवा. तीन फोन आले, सगळे अगदी गोड. मेल एकही नाही. मी नाही म्हणून कळवलं. घरी सगळं परत सांगताना मात्र जीव मेटाकुटीला आला.

---

"आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात." रविवारी रात्री 11 वाजता फोन यायचे. कुटुंबच ते.

---

माझ्याबाबतीत तर नोकरीच नव्हती. मुलाखत फक्त चॅटवर, तासाभरात निवड, लेटरवर नावाजलेल्या कंपनीचा लोगो, सही, शिक्का, सगळं झकपक. मग लॅपटॉपसाठी अनामत रक्कम भरा, रुजू झाल्यावर परत मिळेल, संध्याकाळपर्यंतच मुदत. त्या घाईनेच जाग आली. मेलचा पत्ता पुन्हा पाहिला तर कंपनीच्या नावात एक जादा हायफन. लेटरवरचा नंबर न लावता कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरून नंबर काढला आणि फोन केला. अशी जागाच निघालेली नव्हती.

---

थोडं उलट लिहितो, राग मानू नका. माझ्या सहा फेऱ्या झाल्या, मग दीड महिना काही कळवलं नाही. मित्र म्हणाले, सोड, गोंधळी लोक दिसतात. मी तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, बजेटची मंजुरी अडकली की असंच होतं, माणसं चांगली आहेत. चार वर्षं झाली, मजेत आहे.

---

माझं नोटीस पिरियडचं. मी सोडायचं तर 90 दिवस, त्यांनी काढायचं तर 7. जुन्या नोकरीचा राजीनामा अजून दिला नव्हता, म्हणून धीर करून विचारलं, दोन्हीकडे सारखं करता येईल का? साहेब हसले, "अहो, त्यात काय!" असं म्हणून पेनाने 90 खोडून 30 केलं. मी म्हटलं, खोडलंय तिथे एक सही करता का?

"आपल्या माणसांत सही कशाला?"

राजीनामा खिशातच राहिला.