रविवारी ड्रॉप टॉवरला बसायचं की नाही?

गुरुवार, रात्री ९:१२

मी: सगळ्यांना एक विचारायचंय आणि खरं उत्तर हवंय. रविवारी पार्कात लेकीला त्या उंच टॉवरवरून पडणाऱ्या राइडमध्ये बसायचंय, आणि अट एकच, आई शेजारी पाहिजे. अकरा वर्षांची आहे, पाटीवरच्या उंचीत बसते, तिला काहीच वाटत नाही. भीती मला आहे. काल तिच्याबरोबर नुसता व्हिडिओ बघितला तर तळहात ओले झाले. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, नेमकं काय होतं? फक्त "काही होत नाही गं" असं सांगू नका.

भाचा: आत्या मी तर बसणारच आहे

दादा: मी दोनदा बसलोय, सांगतो. त्यांच्या साइटवर टॉवरची उंची ५० मीटर लिहिली आहे. सगळी उंची मोकळं पडत नाहीत. साधारण वरचा दोन तृतीयांश भाग मोकळं पडणं आणि खालचा एक तृतीयांश ब्रेक, असं धर. म्हणजे ३३ मीटर पडायचं. त्याला लागतात २.६ सेकंद. तेवढ्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो. पुढे सव्वा सेकंदात ब्रेक. सगळं मिळून चार सेकंद.

मी: चार?

दादा: चार. वर चढायला मात्र मिनिटभर तरी लागतं, आणि वर थांबवतात ते वेगळं.

मावशी: तेच सांगायला आले होते. पडण्यापेक्षा ते थांबणं वाईट.

मावशी: मी पंचावन्नाव्या वर्षी बसले होते, सगळं लख्ख आठवतंय. खांद्यावरून दांडा खाली आला, कट कट कट असा आवाज करत छातीला टेकला. मग पायाखालची जमीन सुटली. पाय लोंबकळतात ना, तिथेच पहिल्यांदा पोटात गोळा आला. वर जाताना माणसांचे आवाज कमी कमी होत गेले आणि अगदी वर तर फक्त वारा. शेजारच्या बाईंनी माझी करंगळी धरली होती, ओळख ना पाळख. मला वाटलं आता पडणार, आता पडणार, आणि पडेना. घशाला अशी कोरड की थुंकी गिळता येईना. मग खट्ट! एवढाच आवाज. आणि पोट वरच राहिलं, मी खाली.

मी: मावशी, हे वाचूनच माझे हातपाय गार पडलेत 😟

मावशी: अगं पण तू खरं विचारलंस ना, म्हणून खरं सांगितलं. आणि खाली आल्यावर मी हसत होते हेही खरंच आहे.

वहिनी: आत्ता ओपीडी संपली. "पोट वरच राहिलं" हे मावशी अगदी बरोबर म्हणाल्या. एरवी पोटातले अवयव स्वतःच्या वजनाने खाली ओढलेले असतात आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. मोकळं पडताना सीट, आपण, पोट, आतडी सगळं एकाच वेगाने पडतं. कशाचाच भार कशावर राहत नाही. तो नेहमीचा भार एकदम नाहीसा होतो, त्यालाच आपण पोटात खड्डा पडला म्हणतो. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, त्यांच्यावरून मेंदूला खाली कुठे आणि वर कुठे ते कळतं. त्या दोन-अडीच सेकंदांत तेही अधांतरी. मेंदूला वाटतं आधार गेला, तो धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, घाम येतो, तोंड सुकतं. भित्र्या माणसाचं शरीर काही वेगळं वागत नाही. सगळ्यांचं हेच होतं, कुणाला त्यात मजा वाटते आणि कुणाला नाही.

मी: वहिनी, मग डोळे मिटून बसू का?

वहिनी: नको. डोळे मिटलेस की कधी सुटणार याचा काहीच अंदाज येत नाही आणि कान सांगतो तेवढंच उरतं. लांबचं काहीतरी धरून ठेव, झाड, इमारत, क्षितिज. डोकं मागे टेकलेलं ठेव, खाली वाकून बघू नकोस. ब्रेक लागतो तेव्हा मानेवर भार येतो.

दादा: किती भार तेही सांगतो. दोन हिस्से पडून एका हिश्श्यात थांबायचं असेल तर सरासरी आपल्या वजनाच्या तिप्पट. सव्वा सेकंदच, पण मान वाकलेली असेल तर नंतर दुखते.

काका: ब्रेक लागलाच नाही तर? वीज गेली तर?

दादा: काका, त्या ब्रेकला वीज लागतच नाही. वर न्यायला लागते, थांबवायला नाही. खालच्या भागात तांब्याच्या मिश्रधातूच्या पट्ट्या आणि कायमचे चुंबक असतात, एक टॉवरला आणि दुसरे गाडीला. पट्टी चुंबकाजवळून वेगाने गेली की पट्टीतच वीज तयार होते आणि ती त्या वेगालाच विरोध करते. कशाला काही घासत नाही, झिजत नाही. वेग कमी होत गेला की पकडही सैल होते. म्हणून शेवटी गाडी अलगद खाली उतरते, पिसासारखी. मला या राइडमधला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे, निसर्गाचा नियमच ब्रेक होऊन बसलाय.

काका: हे माहीत नव्हतं. बरं वाटलं ऐकून.

मी: मग अपघात होतात ते?

दादा: तुझ्यापासून लपवत नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला अशाच राइडवरून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. ब्रेकचा दोष नव्हता. तो सीटमधून निसटला. अंगाने मोठा होता, ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त. त्याच्या सीटचा सेन्सर हाताने फिरवून ठेवलेला होता, म्हणून दांडा पुरेसा खाली न येताही राइड सुरू होऊ शकली. दांड्याशिवाय वेगळा पट्टाही नव्हता. तो टॉवर नंतर पाडला. म्हणून सांगतो, उंची-वजनाच्या पाटीवर कधी हुज्जत घालायची नाही. बसल्यावर दांडा स्वतः वर ढकलून बघायचा. हलला, किंवा अंगात आणि त्यात मोठी फट राहिली, तर हात वर करून थांबवायचं. लोक काय म्हणतील याचा विचारसुद्धा करायचा नाही.

मावशी: 🙏 बिचारं लेकरू.

छोटी: मी मघापासून वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

छोटी: ताई, मी एकोणीस वर्षांची असताना मैत्रिणींनी अक्षरशः ओढून नेलं होतं. "चल गं, काय भित्री", "तुझ्यामुळे आमचं पण राहील". रांगेत तीनदा नाही म्हटलं. दांडा बंद झाल्यावर हात वर केला, पण सोडणारा माणूस दुसऱ्या बाजूच्या सीट तपासत होता, त्याने पाहिलं नाही. वर गेल्यावर रडायला लागले. मैत्रिणी हसत होत्या. वाईट हेतूने नाही, त्यांना खरंच वाटत होतं की खाली आल्यावर मी पण हसेन. मी नाही हसले. लिफ्ट खाली जायला लागली की आजही मी भिंत धरते. तेव्हा तुला बसावंसं वाटत असेल तर बस. लेकीसाठी जीव मुठीत धरून बसणार असशील तर तिला दादाबरोबर पाठव. तिला आई शेजारी हवी आहे, घाबरून गारठलेली आई नको आहे.

मी: हे तू मला कधी बोलली नाहीस गं.

छोटी: कुणी विचारलंच नव्हतं.

वहिनी: छोटी, बरं झालं लिहिलंस. दोन भीती वेगळ्या असतात. एकीत माणूस घाबरलेला असतो पण त्याला जायचं असतं. दुसरीत त्याला जायचंच नसतं. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून बाहेरच्याने ठरवायचं नाही. ताई, तू तुझं बघ, कुठली आहे ते.

मी: विचार करते.

मी: पहिली असावी. व्हिडिओ बघताना घाम आला पण बंद नाही केला. परत लावला.

वहिनी: मग एक कर. "मी शांत आहे, मी शांत आहे" असं घोकत बसू नकोस. धडधडणाऱ्या छातीला ते पटत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचं २०१४ चं संशोधन आहे, गाणं, भाषण आणि गणित यांच्या आधी घाबरलेल्या माणसांवर. स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं म्हणणाऱ्यांना ते जास्त चांगलं जमलं. धडधड दोन्हीकडे तीच असते, तिला नाव दुसरं द्यायचं. राइडवर हे कुणी तपासलं का ते सोड, मी ऑपरेशनच्या आधी कितीतरी पेशंटना हे सांगते. आणि सुटताना श्वास कोंडू नकोस. ओरड. ओरडलं की श्वास आपोआप बाहेर पडतो.

दादा: अजून एक मजेशीर आहे. डॅलसला संशोधकांनी माणसांना ३१ मीटरवरून खाली जाळीत सोडलं होतं, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. आपण किती वेळ पडत होतो हे नंतर विचारल्यावर त्यांनी सांगितलेला वेळ, दुसऱ्याचं पडणं बघून सांगितलेल्या वेळेपेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त भरला. पण पडत असताना त्यांना मनगटावरचे भराभर बदलणारे आकडे काही जास्त स्पष्ट दिसले नाहीत. म्हणजे वेळ खरोखर संथ होत नाही, आठवणीत लांबतो. तेव्हा मावशीचं ते "पडेना, पडेना"...

मावशी: माझं ते वरचं होतं रे, पडतानाचं नाही. वर खरंच थांबवतात.

दादा: हो, बरोबर 🙂 ते वेगळं.

काका: मी अर्थातच खाली. अँजिओप्लास्टीला वर्षही झालं नाही.

वहिनी: काका, तुम्ही बसायचंच नाही. आणि मावशी, तुमचं बीपी आता गोळ्यांवर आहे, यंदा तुम्हीही नाही. ज्यांची मान किंवा कंबर दुखते त्यांनीही नाही.

मावशी: बरं बाई. पिशव्या सांभाळते.

रात्री ११:४०

भाचा: आत्या जागी आहेस का

मी: आहे रे. बोल.

भाचा: मला नाही बसायचं टॉवरवर. वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय की बसणार. छोटीआत्याचं वाचलं. माझी दुसरी भीती आहे

मी: मग नाही बसायचं, बाळा. एवढंच.

भाचा: बाबा काय म्हणतील

दादा: बाबा जागाच आहे. बाबा म्हणतोय ठीक आहे. बरं झालं सांगितलंस ते. पहिल्यांदा नेलं तेव्हा मीही रांगेतून परत फिरलो होतो, तुला कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी गेलो. तू पुढच्या वर्षीही नको म्हणालास तरी चालेल.

भाचा: ओके

भाचा: आत्या मी खाली उभा राहतो. तुला लांबचं काहीतरी बघायचंय ना. मी टॉवरपासून जरा दूर उभा राहीन म्हणजे तुला मान वाकवावी लागणार नाही

मी: हे मला फार आवडलं. नक्की.

रविवार, दुपारी ४:०५

छोटी: काय झालं?? कुणीतरी लिहा की. मी घरी बसून घड्याळ बघतेय.

मी: झालं गं. बसले.

मी: खरंच सांगते तुला. रांगेत पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात तीनदा ठरवलं की परत फिरायचं. दर वेळी वरून किंचाळी यायची आणि गुडघे सैल व्हायचे. दादाने सांगितलं तसा दांडा वर ढकलून बघितला, हलला नाही. लेकीचा पण बघितला. चपला खाली काढून ठेवल्या होत्या, वर जाताना तळव्यांना वारा लागत होता, ते विचित्र वाटलं. वर थांबलो तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू माझा हात फार दाबतेयस." मी सैल नाही केला. "मला उत्साह वाटतोय" हे मोठ्याने म्हटलं, शेजारच्या मुलाने वळून बघितलं. आणि मग सुटलो. ओरडायचं ठरवलं होतं, पण आवाज निघाला तो ब्रेक लागल्यावर. त्या आधी श्वासच नव्हता. चार सेकंद कळलेच नाहीत, वरची ती थोडीशी वेळ मात्र अजून संपलेली नाही.

छोटी: रडलीस?

मी: खाली आल्यावर थोडं. वाईट वाटून नाही. लेक लगेच म्हणाली परत जाऊ. मी म्हटलं, मला एकदाच पुरे. ती आत्ता दादाबरोबर दुसऱ्यांदा रांगेत आहे. तिनेही आग्रह केला नाही.

छोटी: शहाणी आहे पोर ❤️

काका: फोटो माझ्याकडे आहेत, रात्री टाकतो. हात जरा हलला आहे.

भाचा: आत्या वरून मी दिसत होतो का

मी: दिसलास. कट्ट्यावर उभा, निळी टोपी, दोन्ही हात वर. सुटेपर्यंत तुझ्याकडेच बघत होते.