जुन्या भुताच्या आणि विज्ञानपटांच्या डिस्क: आधी कुठली लावू?

खानापूर_स्टेशनरोड:
मामांनी सीडी लायब्ररी बंद केली तेव्हा उरलेलं एक खोकं आमच्या माळ्यावर येऊन पडलं होतं. परवा खाली काढलं. द थिंग, एलियन, द फ्लाय, रात, पुराना मंदिरची व्हीसीडी, आणि नाइट ऑफ द लिव्हिंग डेड तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. बारावीतला पुतण्या मागे लागलाय, खरं त्याला कॉम्प्युटरवर केलेली भुतं बघायची सवय. पहिलाच पिक्चर कंटाळवाणा निघाला तर परत बसायचा नाही. आधी कुठला दाखवू? काही डिस्कवर पांढरे ठिपके आलेत, त्याचं काय करायचं?

शहापूरकर:
द थिंग लावा. दुसरा विचारच नको. जॉन कार्पेंटरचा, 1982 चा. अंटार्क्टिकावरचा तळ, बाहेर बर्फ, आत बारा माणसं, आणि त्यातला कोण अजून माणूस आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पुतण्याला एवढंच सांगा की यातली राक्षसी रूपं कॉम्प्युटरवर केलेली नाहीत. रॉब बॉटिन नावाच्या विशीतल्या पोरानं माणसं हाताशी घेऊन बहुतेक सगळं हातानं घडवलंय.

खरं मला सगळ्यात भीती वाटते ती सुरुवातीला, कुत्रा नुसता चालतो तेव्हा. भुंकत नाही, काही नाही. बोळातून सावकाश येतो, एका दाराशी थांबतो, आत जातो. भिंतीवर एका माणसाची सावली मान वळवते. कुणाची ते दाखवतच नाहीत. मी कितीदा बघलोय, अजून तिथं अंगावर काटा येतो. आणि रक्ताच्या तपासणीला पुतण्या मोबाईल खाली ठेवतोय की नाही बघा. तापलेली तार बशीतल्या रक्तात बुडवायची, नुसतं चर्र झालं की तो माणूस सुटला. पुढचं सांगत नाही.

त्याच जूनमध्ये दोन आठवडे आधी ई.टी. लागला होता. तिकडं प्रेमळ पाहुणा बघून आलेल्यांना हा सोसला नाही, समीक्षकांनीही झोडपला. नाव झालं ते पुढं कॅसेटवर. तेव्हा घरी बघण्यात काही कमीपणा नाही, फक्त खोलीतला दिवा घालवा आणि टीव्हीचा ब्राइटनेस उतरवा. काळोख राखाडी दिसला की निम्मी भीती गेली. डिस्कवर 109 ऐवजी 104-105 मिनिटं दाखवली तर कापलाय म्हणून टाकू नका. पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडी सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम पळवते, एवढंच.

नाइट ऑफ द लिव्हिंग डेड दोन कंपन्यांची का, तर 1968 मध्ये पिक्चरचं नाव बदलताना नावाच्या पाटीवरची कॉपीराइटची ओळच राहून गेली. मग कुणीही छापावी. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क झिजलेल्या प्रतीवरून काढल्यात. दोन्हीतला सुरुवातीचा स्मशानाचा भाग लावा, ज्यात गवत सुटं दिसतं ती ठेवा.

एलियनच्या मेनूत दोन आवृत्त्या असल्या तर 1979 ची मूळ आधी. 2003 ची उलट मिनिटभर लहान आहे आणि मला ती घाईची वाटते. द फ्लाय जेवून उठल्यावर लगेच नको.

निपाणीची_वाचक:
दादांनी रातवर एक शब्द खर्च केला नाही म्हणून लिहिते. रामगोपाल वर्माचा, 1992 चा. रेवतीनं त्यात जे काम केलंय त्यासाठी तरी बघा. घर साधं, माणसं साधी, आणि जमिनीलगत सरकत येणारा कॅमेरा. भूत दाखवायची घाईच नाही. आपल्याकडच्या घरात बसून बघताना हा जास्त जवळ येतो, बर्फातला तळ लांब राहतो. माझं मत.

खोक्यात कन्नड काही आहे का? ना निन्न बिडलारे, 1979 चा, अनंत नाग आणि लक्ष्मी. नवऱ्याला बाईचं भूत धरतं, सोडवणूक शेवटी आंध्रातल्या मंत्रालय गावी, राघवेंद्र स्वामींच्या मठात. हिंदीत 1981 मध्ये मंगलसूत्र म्हणून आला, तिथंही अनंत नागच, सोबत रेखा. आमच्या आईला कन्नड तोडकंमोडकं येतं, तरी ती तो पिक्चर एकटी बघत नाही.

कॅम्प_रिपेरीवाला:
ठिपके म्हणजे बुरशी. तुमच्याकडचा पाऊस, त्यात माळा, दुसरं काय होणार. कोमट पाण्याखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसताना मधून कडेकडं सरळ जायचं. गोल फिरवून पुसला आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनं जातो, प्लेअरला तो भरून काढता येत नाही. आडवा चरा बऱ्याचदा चालून जातो. सावलीत वाळवा, उन्हात नको. बुरशी आतल्या थरात गेली असली तर मात्र ती डिस्क गेली, घासत बसू नका. आणि आधी पुसा, मगच प्लेअरमध्ये घाला.

खानापूर_स्टेशनरोड:
सगळ्यांचे आभार. नाइट ऑफ द लिव्हिंग डेड दोन्ही धुऊन लावल्या. एकीत गवत म्हणजे नुसता पांढरा पट्टा, दुसरीत पाती मोजता येतील. द थिंगवर ठिपका नाही, आज रात्री लावतोय. ताई, कन्नड दोन-तीन आहेत, कव्हर नाहीत. उद्या लावून बघतो आणि सांगतो.