भरतकामाचे फुकट नमुने कुठे शोधता? (८७ रंगांच्या पक्ष्याने दमवलं)

अर्धवट_रिंग

नमस्कार मंडळी. शाळेत शिकलेलं भरतकाम वीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलंय. साखळी टाका, उलटी टीप, गहू टाका आणि फुलीचा टाका बऱ्यापैकी येतो. गाठीचा टाका दहातून चार वेळा जमतो, उरलेल्या सहा वेळा दोरा कापावा लागतो.

माझं घोडं अडलंय नमुन्यांपाशी. 'फ्री पॅटर्न' म्हणून शोधलं की चित्रांचा पूर येतो. चित्रावर टिचकी मारली की पान गायब, नाहीतर ईमेल द्या, नाहीतर शेवटच्या पायरीला पैसे. एक मिळाला, निळा पक्षी. २०० बाय २६० घरं, ८७ रंग. उत्साहाच्या भरात सुरू केला. तीन महिन्यांत चोच आणि अर्धा डोळा झाला. आता रिंग कपाटात उभी आहे आणि मी दार उघडलं तरी तिकडे बघत नाही.

खरोखर फुकट आणि माझ्यासारखीच्या हातून पुरे होतील असे नमुने कुठे मिळतील?

काळा_३१०

आधी त्या पक्ष्याचा पंचनामा करू. २०० गुणिले २६० म्हणजे ५२,००० फुल्या. तासाला शंभर धरल्या तरी ५२० तास. १४ काउंटच्या कापडावर, म्हणजे इंचाला १४ घरं, तो सव्वाचौदा इंच रुंद आणि साडेअठरा इंच उंच होणार. ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. तो मुळात नमुनाच नाही. कुणीतरी फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून बटण दाबलंय.

असा आलेख, म्हणजे घरांचा तक्ता, ओळखता येतो. त्यात एकेकटी घरं विखुरलेली असतात, शेजारीशेजारी पाच वेगळ्या छटा, नुसत्या आकाशात अकरा निळे. माणसाने बसून आखलेल्या नमुन्यात एकेक रंग सलग येतो, कारण दर दोन फुल्यांनी सुईतला दोरा बदलण्याचा वैताग त्याने स्वतः भोगलेला असतो. उतरवून घेण्याआधी घरं किती आणि रंग किती एवढं बघाच. सुरुवातीला ८० बाय ८० आणि दहाच्या आत रंग पुरे. १४ काउंटवर ते पावणेसहा इंचांचं काम होतं.

मी सुरुवात डीएमसीच्या साइटवरून केली. १७४६ पासूनची फ्रेंच कंपनी. दोरा खपावा म्हणून नमुने फुकट देते, सरळ व्यवहार आहे. त्यामुळे पीडीएफमध्ये रंगांचे क्रमांक, दोऱ्याचे पदर किती घ्यायचे, कुठे कोणता टाका हे सगळं दिलेलं असतं. दोरा त्यांचाच हवा असं नाही. अँकर या दुसऱ्या कंपनीच्या दोऱ्यांचे समांतर क्रमांक देणारे तक्ते सहज मिळतात. डीएमसीचा ३१० म्हणजे अँकरचा ४०३, दोन्ही काळे. (माझ्या आयडीचं कोडं सुटलं असेल.) छटा तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून अर्ध्या कामात कंपनी बदलू नका.

टीपकागद

काळा_३१० ला अनुमोदन. पण खरा खजिना जुन्या कागदांत आहे, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

'अँटिक पॅटर्न लायब्ररी' म्हणून एक साइट आहे. हौशी लोकांनी जुन्या पुस्तिका, तक्ते, मासिकांच्या पुरवण्या स्कॅन करून पीडीएफ ठेवल्यात. भरतकाम, क्रोशा, टॅटिंग (गाठींची लेस), लोकरीची बर्लिन कामं, मण्यांची कामं. पैसे नाहीत. तिथे माझी एक युक्ती आहे: भरतकामाच्या विभागात कमी आणि फिले क्रोशाच्या (जाळीदार घरांचा क्रोशा) विभागात जास्त शोधते. फिलेचा आलेख म्हणजे नुसती भरलेली घरं आणि मोकळी घरं. भरलेल्या घरावर फुली घाला, मोकळं सोडा, झाला एकरंगी नमुना! दोरा बदलणं नाही, चिन्हांची यादी नाही. गुलाब, द्राक्षवेली, मोर, अक्षरं, हवं ते आहे.

दुसरी जागा म्हणजे संग्रहालयं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये आपल्या संग्रहातली लाखो चित्रं वापरायला मोकळी केली. मेटच्या शोधात 'सॅम्पलर' (टाक्यांचा सराव भरलेलं कापड) टाका आणि 'ओपन ॲक्सेस' ची चाळणी लावा. योहान झीबमाखरचं १५९७ साली न्यूरेम्बर्गला छापलेलं नमुन्यांचं पुस्तक तिथे आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वीचे नमुने आणि तेही घराघरांवर आखलेले! मी त्यातली एक किनार मोजून वहीत उतरवली तेव्हा कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावल्यासारखं वाटलं.

टाक्यांसाठी थेरेज द दिल्मों यांचा १८८६ चा भरतकामाचा कोश प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतो. भाषा जुनाट आहे, पण चित्रांत सुई कुठून आत आणि कुठून बाहेर ते नीट कळतं. व्हिडिओ हवा असेल तर लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कची (स्थापना १८७२) 'स्टिच बँक' बघा. २०२१ पासून आहे. तिथे नमुने नाहीत, टाके आहेत, पण तुमच्या गाठीच्या टाक्याचा प्रश्न तिथेच मिटेल. दोरा सुईभोवती एकदाच गुंडाळा आणि सुई आत जाईपर्यंत डाव्या हाताने ताणून धरा. सोडलात की फसलात.

सुईत_दोरा_ओवून_द्या

वाचनखूण साठवली.

एक भर. छापताना प्रिंटरला 'ॲक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के सांगा. 'फिट टू पेज' वर ठेवलं की नक्षी गुपचूप लहान-मोठी होते. चांगल्या पीडीएफमध्ये कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन असतो, तो पट्टीने मोजायचा. मी मोजला नव्हता. उशीच्या अभ्र्यासाठी काढलेली वेल रुमालाच्या मापाची निघाली. मग काय, रुमाल झाला.

आणि डोळे माझ्यासारखे असतील तर रंगीत आलेखापेक्षा काळी-पांढरी चिन्हं असलेला घ्या. रंगीत छापात दोन हिरवे एकसारखेच दिसतात.

पायमशीन

हे सगळं हाताच्या कामाचं झालं. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी फुकट नमुने कुणी वापरतं का? बहिणीने फुलाची जेपीजी फाइल पाठवली, मशीन ती ओळखतच नाही.

काळा_३१०

ओळखणार नाही. जेपीजी म्हणजे नुसतं चित्र, मशीनला हव्यात टाक्यांच्या सूचना. ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस प्रकारची फाइल, जानोमच्या मशीनला जेईएफ, कारखान्यातल्या यंत्रांना बहुतेक डीएसटी. फाइलचं नाव बदलून काही होत नाही (करून पाहिलंय, हसू नका). इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचं इंक/स्टिच हे दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत आहेत. त्यात चित्र गिरवून टाके आखता येतात आणि हव्या त्या प्रकारात फाइल काढता येते. शिकायला वेळ लागतो, खोटं कशाला सांगू.

तयार फाइल मिळाली तर ती दहा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त लहान-मोठी करू नका. मशीनवर नुसता आकार बदलला की बहुतेक वेळा टाक्यांची संख्या तीच राहते. नक्षी लहान केली तर पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि सुई मोडते.

मागची_बाजू

थोडं कडू बोलते. पिंटरेस्टवर जे 'फ्री' दिसतं त्यातलं बरंच चोरीचं असतं. कुणीतरी विकायला ठेवलेल्या नमुन्याचा फोटो उचलून लावलेला. म्हणून टिचकी मारली की पान सापडत नाही. चित्र आवडलं तर शोधयंत्रात ते चित्रच टाकून शोधा आणि मूळ आखणाऱ्याच्या साइटवर जा. कितीतरी आखणारे स्वतःच दोन-चार नमुने फुकट देतात. 'नीडल एन थ्रेड' ही साइट त्यासाठी बघाच. हाताच्या भरतकामाचे रेषांचे नमुने आणि प्रत्येक टाक्याची फोड आहे.

आता नवीन त्रास एआयच्या चित्रांचा. 'भरतकामाचा फोटो' म्हणून लावतात, पण ते कुणी भरलेलंच नसतं. जवळून बघा: फुल्या एका ओळीत नसतात, दोरा पाकळीत शिरतो तो बाहेरच येत नाही, कापडाची वीण मध्येच वितळते. बरोबरच्या आलेखात रंगांचे क्रमांक नसले की समजायचं. मी तर कुठलाही नमुना घेण्याआधी कुणी तो पुरा करून फोटो लावलाय का ते शोधते. मागच्या बाजूचा फोटो असेल तर डोळे मिटून विश्वास.

आणि फुकट म्हणजे काहीही करायला मोकळं नव्हे. बहुतेक नमुने स्वतःसाठी किंवा भेट द्यायला असतात. भरून विकायचं असेल तर परवानगी वाचा. मेट, स्मिथसोनियनच्या मोकळ्या चित्रांना ती अट नाही, अँटिक पॅटर्न लायब्ररीच्या स्कॅनना मात्र आहे.

अर्धवट_रिंग

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. धन्स! फिलेचा आलेख शोधायला बसले आणि रात्रीचा दीड वाजला. ६२ बाय ६२ चा गुलाब घेतलाय, एकच लाल.

आणखी एक. रेषांचा नमुना साध्या कापडावर उतरवायचा कसा? कार्बन पेपरने हात काळे झाले, कापडही.

टीपकागद

पातळ कापड असेल तर खिडकीच्या काचेला नमुना चिकटवा, वर कापड, आणि पाण्याने जाणाऱ्या पेनाने गिरवा. काम झाल्यावर आधी धुवा, मग इस्त्री. उलट केलंत तर खुणा पक्क्या बसतात. जाड किंवा गडद कापडाला पाण्यात विरघळणारा चिकट कागद मिळतो. त्यावर छापा, चिकटवा, त्याच्यासकट भरा, धुवा.

इस्त्रीने पुसली जाणारी पेनं जपून वापरा. ती शाई साठ अंशांच्या वर दिसेनाशी होते, जात नाही. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली दहा-वीस अंशांवर, परत उमटते. माझा एक टेबलक्लॉथ सामानाबरोबर विमानाच्या पोटातून गेला. उतरून उघडते तर सगळ्या रेषा हजर, जिथे मी विचार बदलून वेगळं भरलं होतं तिथल्यासुद्धा.

मागची_बाजू

इस्त्रीने उमटवायचा छापा असेल तर नक्षी आधी आरशातल्यासारखी उलटी करून घ्या. फुलांना फरक पडत नाही. अक्षरांना पडतो. एवढंच सांगते, तपशील विचारू नका.

सुईत_दोरा_ओवून_द्या

अर्धवटताई, त्या पक्ष्याचं काय केलंत? चोच आणि अर्धा डोळा झालाय म्हणता तर टाकू नका. आलेखावरून पक्ष्याची नुसती बाहेरची रेघ काढा आणि उलट्या टिपेने, दोऱ्याच्या दोन पदरांनी भरा. आतलं कापड मोकळं सोडा.

अर्धवट_रिंग

तीन आठवड्यांनी आले. गुलाब झाला. १४ काउंटवर जेमतेम साडेचार इंच. मागची बाजू दाखवणार नाही, आयडी वाचून भीती वाटते.

आणि काल रिंग कपाटातून बाहेर काढली. पक्षी सांगितला तसा नुसत्या रेघेने केला, एक निळा, एक संध्याकाळ. चोच आणि अर्धा डोळा तेवढा फुल्यांचा आहे. ८७ पैकी ९ रंग लागले.

मागची_बाजू

मागचा फोटो टाका.