रायगडाच्या लेखातून तीन परिच्छेद काढले, चुकलं का?

रानवाट: मराठी विकिपीडियावरच्या रायगडाच्या लेखात एका नव्या सदस्याने घातलेले तीन परिच्छेद मी काल काढले. चर्चा पानावर त्याने विचारलंय, "महाराजांची थोरवी तुम्हाला का खुपते?" खुपत नाही हो. पण 'अजिंक्य, बेलाग, मराठी मनाचा मानबिंदू' एवढं वाचूनही गडाबद्दल काही कळत नव्हतं. शिवाय 'अजिंक्य' ही धडधडीत चूक. १६८९ मध्ये गड मुघलांकडे गेला, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून घेतला. ते एक विशेषण ठेवलं की एवढा इतिहास झाकला जातो.

जुनी पायरी: विशेषणांचं पटलं. पण मी लेखाचा 'इतिहास', म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, उघडून पाहिला. त्यात हिरोजी इंदुलकरही उडालेत. जगदीश्वराच्या देवळाची ती पायरी, तिच्यावर 'सेवेचे ठायी तत्पर' असं म्हणून हिरोजींचं नाव कोरलंय. गड बांधणाऱ्याचं नाव पायरीवर, आणि ते अनावश्यक?

रानवाट: संदर्भ नव्हता.

जुनी पायरी: मग वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करणारा साचा लावायचा. रायगडावर पुस्तकं ढिगाने आहेत, एखादं उघडून बघायचं.

आडवाट: मी तर म्हणतो, काहीच काढू नका. इथे कागद थोडाच संपतोय? एसटीच्या वेळा, गडाखालच्या पाचाड गावातली जेवणाची सोय, सगळं कामाचं. गावाकडची पोरं मराठीत हेच शोधतात.

रानवाट: वेळा बदलतात, लेखात मात्र तशाच राहतात. त्यांच्या भरवशावर कुणी महाडच्या स्थानकात ताटकळत बसला तर? पाचाडची जिजाऊंची समाधी ठेवलीय, खानावळ काढलीय. ती माहिती विश्वकोशाची नाही.

आडवाट: बरं, वेळा जाऊ द्या. त्याच परिच्छेदात गंगासागर तलाव होता, तोही गेला. वर पाणी कुठून मिळायचं हे न सांगता गड कसा कळायचा?

जुनी पायरी: माझी खरी तक्रार वेगळी आहे. बदलाचं कारण द्यायच्या सारांशात 'अनावश्यक' एवढाच शब्द लिहून तुम्ही मोकळे झालात. नव्या माणसाचं एक वाक्य जरी लेखात टिकलं, तरी तो परत येतो. मराठीत नेटाने लिहिणारे आधीच मोजके.

रानवाट: हे मान्य. पायरी आणि गंगासागर आज रात्री संदर्भासह परत आणतो. विशेषणं आणणार नाही. त्या सदस्याला १६८९ चं सविस्तर लिहितो. थोरवी खुपते म्हणाला, ते लागलंय मला.