मदत हवी आहे: कोमिक ते देमुल एका दिवसात होईल का? (अर्जंट)

भटकी_मैना: उद्या स्पितीत (हिमाचल) कोमिक गावाहून देमुल गावाला चालत जायचंय, गाईड फार पैसे सांगतोय म्हणून विचारतेय, वाट आपली आपण सापडते का आणि किती तास लागतात? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, इथे नेट येतं-जातं.

गडवाट: सहा ते आठ तास धरा. मधे गाव नाही, टपरी नाही. कोमिकवरून वाट आणखी वर चढते आणि गुराढोरांच्या वाटा इतक्या फुटतात की ढग आले तर काही कळत नाही. गाईड घ्याच. आत्ता कुठे आहात? स्पितीत कधी आलात?

सह्यवेडा: काही गाईड लागत नाही, जीपीएस ट्रॅक डाउनलोड करा. आपल्याकडे दर रविवारी गड चढणाऱ्याला हे अंतर काहीच नाही.

गडवाट: अंतराचा प्रश्नच नाहीये. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, कोमिक साडेचार हजारांच्या वर. तिथे पाय नाही, दम संपतो.

पत्रप्रेमी: हिक्किमचं पोस्ट ऑफिस वाटेवरच आहे, १९८३ पासून चालू आहे. पोस्टकार्ड नक्की टाका, घरी उशिरा का होईना पोचतं, फार आनंद होतो.

भटकी_मैना: पोस्टकार्ड नकोय हो, वाट विचारतेय! स्पितीतल्या काझा गावात आहोत, काल रात्री मनालीहून आलो. मी, नवरा, सासूबाई. कोमिकपर्यंत टॅक्सी, पुढे चालत. सासूबाई रोज पर्वती चढतात, फिट आहेत, फक्त कालपासून डोकं दुखतंय आणि आज जेवल्या नाहीत.

सह्यवेडा: कापूर हुंगायला द्या, लसणाचं सूप पाजा.

ठाणेकर_ताई: कापराने ऑक्सिजन वाढत नाही, कृपा करून असं सांगू नका. मैना, डोकं दुखणं आणि जेवण न जाणं ही विरळ हवेचीच लक्षणं आहेत. मनाली दोन हजार मीटर, काझा साडेतीन हजारांच्या वर, तेही एका दिवसात. उद्या अजिबात वर नेऊ नका. काझातल्या सरकारी दवाखान्यात आत्ताच दाखवा. चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो काही असो, खाली उतरायचं.

किन्नौरमार्गे: म्हणून मी कायम सांगतो शिमल्याकडून या, कल्पा, नाको, ताबो असं हळूहळू चढत.

ठाणेकर_ताई: बरोबर आहे, पण आता त्या पोचल्यात ना.

सह्यवेडा: डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सुरू करा मग.

ठाणेकर_ताई: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सल्फाची ॲलर्जी असेल तर चालत नाही. आणि गोळी घेऊन वर चढायचं हे तर मुळीच नको.

भटकी_मैना: दाखवलं. डॉक्टर म्हणाले विश्रांती, बरं वाटेपर्यंत चढायचं नाही, नाहीच वाटलं तर खाली जा. ताबोला बस कधी असते?

किन्नौरमार्गे: रेकाँग पिओची बस ताबोवरूनच जाते, सकाळीच सुटते, वेळ आजच स्टँडवर विचारून ठेवा. ताबो ३२८० मीटर, म्हणजे काझाहून खालीच.

गडवाट: देमुल नंतर गाडीनेही होतं, काझाहून रस्ता आहे.