मदत हवी आहे: हा कॉकर इंग्लिश की अमेरिकन?

मंडळी, घरी कुत्रं आणायचंय आणि आईला कॉकर स्पॅनियलच हवाय. ठाण्यात एक पिल्लू बघून आलो. विकणारा म्हणतो 'प्युअर इंग्लिश', पण पिल्लाची आई बघून शंका आली. डोकं घुमटासारखं गोल, तोंड आखूड, पोटाखालचे केस फरशीला टेकलेले. हा तर अमेरिकन कॉकर वाटतो ना?

मूळ कॉकर म्हणजे इंग्लंडमध्ये झुडपांतून वुडकॉक पक्षी उठवणारा शिकारी कुत्रा. पूर्वी एकाच वेतातली पिल्लं वजनावरून कॉकर किंवा स्प्रिंगर (म्हणजे जरा मोठा स्पॅनियल) ठरायची, गंमतच आहे! १८९२ मध्ये तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) कॉकर वेगळी जात मानली. अमेरिकेत त्याचं रूप पालटत गेलं आणि १९४६ मध्ये तिथल्या क्लबने इंग्लिश कॉकरची स्वतंत्र नोंद सुरू केली. इंग्लिशचं तोंड लांब, उंची थोडी जास्त, केस आवरायला सोपे. म्हणून मला तोच हवाय.

केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागदांवर नेमकी जात लिहिलेली असते का? विकणारा 'नंतर देतो' म्हणतोय, ते काही पटत नाही.

दुसरं, कान. त्या कुत्रीचा कान उचलला तर आत तपकिरी मळ आणि आंबूस वास. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, त्यात आपला पावसाळा. तुम्ही कान किती दिवसांनी आणि कशाने साफ करता?

मित्र कॅव्हेलियर (स्पॅनियलचीच दुसरी एक छोटी जात) घे म्हणतो, पण त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार. कोणी पाळलाय का?