डाइस ०.९, तरी गाठीची कड चुकतेय

प्रश्न: यू-नेट या न्यूरल नेटवर्कवर एमआरआयमधल्या ग्लायोमाचं (मेंदूतल्या गाठीचं) सेगमेंटेशन, म्हणजे गाठीची आखणी, करतेय. ब्रॅट्स या मेंदूच्या गाठींच्या स्कॅनसंचावर डाइस (मॉडेलची आखणी तज्ज्ञांच्या आखणीशी किती जुळते त्याचा गुण; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९ येतो. पण आमच्या सर्जननी नेमकं वाचेच्या भागालगतच्या कडेवर बोट ठेवलं: मॉडेल ३ मिलिमीटर बाहेर गेलं होतं. झोप उडालीय. काय करू?

उत्तर १: डाइस दोन आखण्यांचा एकूण जुळणारा भाग मोजतो. मोठ्या गाठीत कडेची चूक त्यात बुडून जाते. हाउसडॉर्फ अंतरही (दोन कडा एकमेकींपासून जास्तीत जास्त किती दूर जातात) बघा.

उत्तर २: स्कॅन कवटी वगळून १ मिलिमीटर व्हॉक्सेलवर (त्रिमित पिक्सेलवर) आणलेत? ब्रॅट्सचे तसेच असतात. आम्हाला जाड स्लाइसच्या फ्लेअरनं (एमआरआयच्या एका प्रकारानं) दगा दिला होता.

प्रश्नकर्ती: आमचा फ्लेअर ५ मिलिमीटरचा निघाला! पातळ स्लाइसचे स्कॅन मागवलेत, कड सर्जनसोबत बसून हातानं आखतेय. त्यांनी तपासल्याशिवाय नेव्हिगेशनला (शस्त्रक्रियेत सर्जनला जागा दाखवणाऱ्या यंत्रणेला) काहीही पाठवणार नाही.